ग्रुपवर राजकारण चालू द्या, विषयांतर थांबवा : मुंबईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिन मंडळींना खुले पत्र

मुंबईतल्या सोसायट्या, चाळी आणि वॉर्डांच्या ग्रुपच्या ॲडमिन मंडळींना सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या ग्रुपच्या माहितीत एक ओळ लिहिलेली असते : 'कृपया राजकीय पोस्ट टाकू नयेत.' ती ओळ काढून टाका, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. एक तर ती कोणी पाळत नाही. आणि पाळली गेली तरी त्यात ग्रुपचं नुकसानच आहे. नळाला पाणी किती वेळ यायचं, नाल्यातला गाळ कोणी काढायचा, पुनर्विकासाची फाइल कुठे अडली, बसच्या फेऱ्या का कमी झाल्या, हे सगळं राजकारणच आहे. ज्या गोष्टींवरून माणूस मत देतो, त्याच गोष्टींवर शेजाऱ्याशी बोलायचं नाही, हा नियम आपल्या पायावर धोंडा मारून घेणारा आहे. त्रास राजकारणाचा होत नाही, विषय सोडून पळण्याचा होतो. ते थांबवणं पोलिसांना जमणार नाही, ॲप बनवणाऱ्या कंपनीला तर नाहीच. ज्याच्या हातात ग्रुप आहे, त्यालाच ते जमतं.

नेहमीचा एक नमुना जवळून पाहू. जुलै महिना. पवई तलाव भरून वाहू लागल्याचा व्हिडिओ ग्रुपवर येतो. खाली लिहिलेलं असतं : 'तलाव भरला तरी दहा टक्के पाणीकपात चालूच. नुसती लूट!' पाच मिनिटांत उत्तर येतं : 'तुमच्या लोकांच्या काळात टँकरवाल्यांचं राज्य होतं, तेव्हा कुठे होतात?' त्यावर तिसरा : 'निदान आमची माणसं मराठी होती.' मग 'मराठी शाळा कोणी बंद पाडल्या ते सांगा', मग कुठल्यातरी नेत्याचं जुनं भाषण, त्याच्या मुलाचं लग्न, आणि शेवटी 'तुम्ही मुळात मुंबईचे तरी आहात का?' रात्री साडेअकरापर्यंत दीडशे मेसेज होतात. सी विंगमधल्या कोणीतरी दुपारीच विचारलेलं असतं, 'आज पाणी किती वाजता येणार?' त्याला शेवटपर्यंत उत्तर मिळत नाही.

आता मूळ मेसेज पुन्हा वाचा. 'लूट' हा आरोप झाला, पण त्याच्या पोटात एक प्रामाणिक प्रश्न आहे : तलाव भरला, मग कपात का? या प्रश्नाला पक्कं उत्तर आहे. पवई तलावाचं पाणी पिण्यायोग्य नाही, ते औद्योगिक वापराला जातं. शहराला पाणी पुरवणारी धरणं आणि तलाव सात : अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. सगळे काठोकाठ भरले की साठा होतो १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातला निम्मा एकट्या भातसामध्ये, ७,१७,०३७ दशलक्ष लिटर. यातले शहराच्या हद्दीतले दोनच, विहार २७,६९८ आणि तुळशी ८,०४६. दोन्ही मिळून एकूण साठ्याच्या अडीच टक्के. शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं, म्हणजे विहार आणि तुळशी दोन्ही तुडुंब भरले तरी ते नऊ दिवसांचं पाणी. दादरला गुडघाभर पाणी साचलं म्हणून कपात उठत नाही, कारण पाऊस पडायला हवा तो ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या डोंगरपट्ट्यात.

एवढं लिहायला पाच मिनिटं पुरतात. त्यानंतरही कपातीवर टीका करायला भरपूर जागा उरते. गळती किती आहे, नवा स्रोत का झाला नाही, कोणत्या वॉर्डाला किती पाणी मिळतं, हे सगळं विचारावंच. सरकारला सांभाळून घ्या असं आमचं म्हणणं नाही. उलट विषयाला धरून राहिलात तर सरकारला पळायला वाट उरत नाही. 'तेव्हा कुठे होतात' हे वाक्य सत्तेत असलेल्या प्रत्येकाच्या पथ्यावर पडतं.

हे दोष नवे नाहीत. आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काच्या आणि वादविवादाच्या जुन्या शास्त्राने, वादात हरल्याच्या बावीस खुणा सांगून ठेवल्या आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातली एक मतानुज्ञा. समोरच्याने दाखवलेला दोष खोडून न काढता 'तो तर तुझ्यातही आहे' असं म्हणणं, ही मतानुज्ञा. ती हार का, तर असं म्हणताना आपण आपला दोष कबूल करून बसतो. टँकरवाल्यांचा मेसेज नेमका हाच आहे. दुसरी खूण अर्थांतर, म्हणजे चालू विषयाशी संबंध नसलेलं बोलणं. मराठी शाळांचा प्रश्न खरा आहे, मोठाही आहे, पण पाणीकपातीच्या चर्चेत तो अर्थांतर आहे. स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याचं मोडत राहणं म्हणजे वितंडा. 'वितंडवाद' हा शब्द आपण रोज वापरतो, तो तिथून आला.

छल हा प्रकार तर ग्रुपवर रोज भेटतो. शास्त्रातलं उदाहरण असं : 'देवदत्ताकडे नव कंबल आहे', म्हणजे नवं कांबळं आहे, असं एकजण म्हणतो. संस्कृतात 'नव' म्हणजे नऊसुद्धा. दुसरा लगेच विचारतो, नऊ कांबळी कुठे आहेत दाखव. आता आपल्याकडचं पाहा. कोणी लिहितो, 'चौथ्या मजल्यावर पाणी येत नाही.' म्हणायचं असतं दाब पुरत नाही. उत्तरात तळमजल्यावरच्या नळाचा व्हिडिओ येतो, 'हे काय, धो धो येतंय. उगाच बदनामी करू नका.' शब्द तोच ठेवून अर्थ बदलला. ॲडमिनने इथे कोणाची बाजू घेऊ नये, फक्त शब्द पक्का करून घ्यावा : 'येत नाही म्हणजे अजिबात नाही, की दाब कमी? किती वाजता? शेजारच्या इमारतीतही तसंच आहे का?' शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. शेजारीही कमी असेल तर दोष महापालिकेच्या लाइनमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये. फक्त आपल्याकडे कमी असेल तर आधी आपली खालची टाकी, तिचा बॉल-कॉक आणि पंप तपासायचा. मग त्यात कोणताच पक्ष उरत नाही.

मागचं काढणं नेहमीच गैर असतं असं नाही. इथे पुष्कळ ॲडमिन चुकतात आणि सगळाच इतिहास बंद करून टाकतात. 'गेल्या वर्षी याच तारखेला साठा किती टक्के होता?' ही तुलना रास्त आहे, कारण माप तेच, तारीख तीच. पावसाचं पाणी का तुंबतं हा विषय असेल तर ब्रिमस्टोवॅडचं, म्हणजे पावसाच्या पाण्याचा निचरा सुधारण्याच्या महापालिकेच्या आराखड्याचं, नाव निघणारच. तो अहवाल १९९३ चा. जुन्या नाल्यांची आणि वाहिन्यांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची, ती ५० वर न्यावी असं त्यात होतं. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठे त्या कामाला वेग आला. मधल्या वर्षांत सत्तेवर कोण होतं, हा प्रश्न इथे विषयाला धरूनच आहे. कसोटी एकच लावा : हे उत्तर खरं मानलं, तर मूळ प्रश्नाचा काही भाग सुटतो का? सुटत असेल तर राहू द्या. फक्त विचारणाऱ्याचं तोंड बंद होत असेल, तर ते विषयांतर.

अर्धी भांडणं अखत्यार माहीत नसल्यामुळे होतात. लोकल ट्रेन रेल्वेची, म्हणजे केंद्राची. बेस्ट महापालिकेचा उपक्रम. वाहतूक पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे. केईएम, सायन, नायर आणि कूपर ही महापालिकेची रुग्णालयं, पण जेजे राज्य सरकारचं. सागरी किनारा मार्ग महापालिकेने बांधला, अटल सेतू एमएमआरडीए या राज्य सरकारच्या प्राधिकरणाने. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग आधी एमएमआरडीएकडे होते, २०२२ मध्ये ते महापालिकेकडे आले. त्यामुळे त्या रस्त्यावरच्या खड्ड्यावर भांडताना साल सांगावंच लागतं. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे बराच काळ आयुक्तच प्रशासक होते. त्या काळातल्या निर्णयाचा जाब नगरसेवकाला विचारला, तर तो सरळ हात वर करतो, आणि त्याचं बरोबरच असतं. म्हणून कोणताही आरोप ग्रुपवर आला की पहिला प्रश्न 'हे कोणाच्या अखत्यारीत?' आणि दुसरा 'कोणत्या तारखेला?' एवढ्यानेच बऱ्याच चर्चा शांत होतात.

आकड्यांचंही तसंच. 'महापालिकेचे ७४,४२७ कोटी गेले कुठे?' हा मेसेज सगळीकडे फिरला. आकडा खरा आहे, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा आहे. पण तो अंदाज आहे, झालेला खर्च नाही. अर्थसंकल्पात अंदाज वेगळा, सुधारित अंदाज वेगळा आणि प्रत्यक्ष खर्च वेगळा असतो. 'गेले कुठे' हे फक्त तिसऱ्याबद्दल विचारता येतं. भागाकार केल्याशिवाय मोठा आकडा काही सांगतही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती, त्या हिशोबाने माणशी साठ हजारांच्या आसपास. आता यावर बोलता येतं : माझ्या वॉर्डात, माझ्या गल्लीत यातलं काय आलं?

व्हिडिओच्या बाबतीत हयगय करू नका. दुसऱ्या शहरातलं तुंबलेलं पाणी, दुसऱ्या वर्षीची दंगल, दुसऱ्याच राज्यातला लाठीमार 'आत्ता अंधेरीत' म्हणून येतो. पाहायचं काय, तर गाड्यांच्या पाट्या. एमएच ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. एकाही गाडीवर यातलं काही दिसलं नाही तर शंका घ्या. दुकानांच्या पाट्यांवर मराठी आहे का ते बघा, बस बेस्टची आहे का ते बघा. मेसेजवर दुहेरी बाणाची खूण असेल तर तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून तुमच्याकडे आला आहे. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, ही मर्यादा उगाच घातलेली नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ती अफवा फोनवरूनच फिरली होती. त्यामुळे 'खरं-खोटं माहीत नाही, आलंय म्हणून टाकलं' हे कोणाकडूनही चालवून घेऊ नका. टाकणाऱ्याने आधी ठिकाण आणि तारीख लिहावी. लिहिता येत नसेल तर मेसेज काढावा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. एकच ग्रुप सगळ्याला पुरणार नाही. कम्युनिटीची सोय वापरून तीन भाग करा. सूचनांचा भाग, जिथे फक्त ॲडमिन लिहितील. चर्चेचा भाग, जिथे एका वेळी एक किंवा दोनच विषय चालतील. आणि तिसऱ्याला आपल्या सोसायटीच्या सभेतलंच नाव द्या : आयत्या वेळचे विषय. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय' असतात ना, तसंच. भाषण, लग्न, पक्षांतर, क्रिकेट सगळं तिथे. माणसाला गप्प बसवायचं नाही, त्याला योग्य खोलीत पाठवायचं. हा तिसरा भाग न ठेवता नुसती कडक शिस्त लावली, की पंधरा दिवसांत कोणीतरी दुसरा ग्रुप काढतो आणि पहिला ओस पडतो.

चर्चेच्या भागात विषय पिन करा. पिनला २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस अशी मुदत देता येते. नागरी प्रश्नाला ७ दिवस ठीक. पिनमध्ये प्रश्न एका वाक्यात हवा आणि तो प्रश्नच हवा. 'पाणी' हा विषय झाला नाही. 'आपल्या इमारतीला सकाळच्या पाळीत दाब कमी का येतो आणि तक्रार कोणाकडे करायची?' हा विषय झाला. दावा करणाऱ्याने काय झालं, कुठे, कधी, कोणाच्या अखत्यारीत आणि कागद किंवा फोटो काय, एवढं लिहावं. उत्तर देणाऱ्याने मेसेज बाजूला सरकवून त्यालाच उत्तर द्यावं. नाहीतर कोण कोणाला बोलतंय तेच कळत नाही, आणि निम्मे गैरसमज तिथूनच होतात.

गाडी रुळावरून घसरताना दिसली की पहिल्या पाच-सात मेसेजमध्येच शब्द टाका. पन्नास झाले की उपयोग नाही, तोपर्यंत मुद्दा मागे पडून मानापमान सुरू झालेला असतो. नाव घेऊन 'तुम्ही विषय सोडताय' म्हटलं की माणूस हट्टाला पेटतो. त्यापेक्षा प्रश्न पुन्हा मांडा : 'शाळांचा मुद्दा आयत्या वेळच्या विषयांत घेतला आहे. इथे अजून हे ठरायचं आहे की तक्रार महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर केली का, आणि तिचा क्रमांक काय?' दुसऱ्यांदा तेच झालं तर खाजगीत फोन करा. मेसेज नको, फोनच. आवाजात जी आपुलकी असते ती टाइप करता येत नाही. शेजारीण असो की निवृत्त काका, चार शब्द नीट बोलले की बहुतेक ऐकतात. तिसऱ्यांदा घडलं तर एक दिवसासाठी ती चर्चा फक्त ॲडमिनपुरती करा. त्याहून जास्त नको.

मेसेज काढण्याचा अधिकार जपून वापरा. शिवीगाळ, कोणाचा खाजगी नंबर किंवा पत्ता, जातीवरून किंवा धर्मावरून हिणवणं, चिथावणी : एवढ्यासाठीच. मत पटलं नाही म्हणून कधीच नाही. काढलेल्या मेसेजच्या जागी ॲडमिनने काढला असं सगळ्यांना दिसतं, म्हणून कारण एका ओळीत लगेच लिहा. 'तुम्ही बाहेरचे' किंवा 'तुम्ही मेंटेनन्स वेळेवर भरत नाही, तुम्ही काय बोलता' हे मुद्द्याचं उत्तर नव्हे. भाडेकरूने दाखवलेला उघडा मॅनहोल मालकाने दाखवलेल्या मॅनहोलइतकाच धोक्याचा असतो. अशा वाक्याला तिथल्या तिथे हरकत घ्या, हरकत नोंदली गेलेली सगळ्यांना दिसू द्या. पोल काढून वस्तुस्थिती ठरवू नका. सभा किती वाजता घ्यायची हे पोलने ठरतं. नाला कोणाचा आहे हे ठरत नाही.

ॲडमिन स्वतः एखाद्या पक्षाचा कार्यकर्ता असेल तर त्यात गैर काही नाही, या शहरात उत्तम काम करणारे कितीतरी जण कार्यकर्तेच असतात. पण मग दुसरा ॲडमिन विरुद्ध मताचा नेमा, आणि आपल्या पक्षाच्या विषयावर हरकत घेण्याचं काम त्याच्याकडे द्या. ही एक गोष्ट केली तरी ग्रुपचा विश्वास बसतो.

कायद्याची धास्ती बाळगून अनेक जण ग्रुपच बंद ठेवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. आणि मतापोटी अटक होण्याची जी आठवण मुंबईच्या आसपास सगळ्यांच्या मनात आहे, २०१२ मध्ये फेसबुकवर मत मांडल्यावरून अटक झालेल्या पालघरच्या दोन तरुणींची, तिथे वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. चिथावणी आणि अफवा यांना इतर कायदे लागू आहेतच. पण सरकारवर, महापालिकेवर, कोणत्याही पक्षावर टीका होते म्हणून घाबरायचं कारण नाही.

सात दिवस संपले की चर्चेचं इतिवृत्त लिहा. पाच-सहा ओळी पुरतात : प्रश्न काय होता, काय कळलं, कोणत्या मुद्द्यावर दोन मतं राहिली, तक्रार क्रमांक काय, पुढचं काम कोणी घेतलं. उत्तर मिळालं नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. हा नियम अनेकांना जाचक वाटतो, पण ग्रुपला त्याची चांगली सवय लागते. दीडशे मेसेजच्या भांडणातून दीडशे शब्दांचा अर्ज काढायला बसलं की काय विचारायचं होतं ते आपोआप स्पष्ट होतं.

३० सप्टेंबरच्या आत तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा होईल, चौदा दिवस आधी नोटीस निघेल. त्या विषयपत्रिकेत पुढचा ठराव घ्यावा. मसुदा देत आहोत, हवे ते बदल करा :

'सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकीय व नागरी विषयांवर चर्चा करण्यास सर्व सभासद व भाडेकरूंना मुभा राहील. चर्चेचा प्रश्न पिन केलेला असेल व उत्तर त्या प्रश्नाला धरून असेल. विषयाबाहेरचा मजकूर आयत्या वेळच्या विषयांच्या ग्रुपवर जाईल. व्हिडिओ वा फोटोसोबत ठिकाण व तारीख लिहिली जाईल. मजकूर काढल्यास कारण त्याच वेळी कळवले जाईल. दोन ॲडमिन असतील व ते भिन्न मतांचे असतील. प्रत्येक चर्चेचे इतिवृत्त सात दिवसांनी टाकले जाईल. सूचक : ______ अनुमोदक : ______'

आपले,
या शहरातल्या अशाच काही ग्रुपचे ॲडमिन